दहा वर्षांचं 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्या महाशयांस

प्रति,
'इंटरनॅशनल लायसन्स घरपोच'वाले महाशय,
मुक्काम पुणे आणि व्हॉट्सॲप

महाशय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार'नं करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडते आहे. तुमच्याविषयी मला प्रेम वाटत नाही आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही.

तुमची जाहिरात कोथरूड-बाणेरपासून सिंहगड रस्त्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरते. आरटीओत जायला नको, पासपोर्टचा फोटो पाठवा, तीन दिवसांत कार्ड घरी, दहा वर्षं वैध, दीडशे देशांत चालतं. एवढ्याशा मजकुरात तुम्ही इतक्या थापा बसवल्या आहेत की त्या उकलायला मला हे अख्खं पत्र लागणार आहे.

दहा वर्षांपासून सुरुवात करू. परदेशात गाडी चालवण्यासाठी आपल्याला इथून जे परमिट मिळतं, त्याचा आधार 19 सप्टेंबर 1949 रोजी जिनिव्हात झालेला रस्ते वाहतुकीचा करार आहे. भारतानं तो 1962 मध्ये स्वीकारला. या करारानुसार परमिटची मुदत एक वर्ष. पुढे 1968 मध्ये व्हिएन्नात दुसरा करार झाला. त्याखालचं परमिट जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं, पण त्या करारात भारत नाही. म्हणजे भारतीय माणसाला इथून मिळणारं परमिट वर्षभराचं, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच मुदतीचं. तुमची दहा वर्षं दोन्ही करारांत बसत नाहीत. ती तुम्ही कुठल्या परिषदेत मंजूर करून घेतलीत, ते एकदा जाहीर करा.

आता तुमचं ते प्लॅस्टिकचं कार्ड. सोनेरी पृथ्वीगोल, चमकणारं होलोग्राम, कडेला झेंड्यांची रांग. खरं परमिट याहून खूप साधं असतं: राखाडी कव्हर, आत पांढरी पानं, फोटो, शिक्का आणि कोणत्या प्रकारचं वाहन चालवता येईल त्याच्या खुणा. मूळ लायसन्सवर जे आहे, ते दुसऱ्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं यासाठी ही पुस्तिका असते. तिला स्वतंत्र अस्तित्व नाही. सोबत भारतीय लायसन्स नसेल तर ती बाळगून उपयोग नाही. आणि तुम्ही मात्र लोकांना सांगता, "मूळ लायसन्स घरीच ठेवा, हरवेल." हा सल्ला ऐकणारा माणूस परदेशात विनापरवाना चालक ठरतो. तेव्हा तुमचा फोन बंद असतो.

माझ्या परिचयातलं एक जोडपं तुमच्याच एका भाऊबंदाकडून असं कार्ड घेऊन जपानला गेलं. ओसाकातून गाडी घेऊन डोंगरातल्या गावांकडे जायचं, असा बेत. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. जपान फक्त 1949 च्या करारातलं परमिट मानतो, त्यामुळे तिथले कर्मचारी पुस्तिकेवर ते साल शोधतात. तिनं नम्रपणे मान हलवली आणि गाडी दिली नाही. भाड्याची आगाऊ रक्कम गेली, पुढच्या मुक्कामांची बुकिंग गेली. ज्यांनी चाळीस वर्षं पुण्यात सिग्नल न मोडता गाडी चालवली, त्या काकांना परक्या देशात काउंटरपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं. महाशय, पैशांची भरपाई होते. या अपमानाची किंमत तुमच्या रेटकार्डात कुठे लिहिली आहे?

ही मंडळी तरी स्वस्तात सुटली. मला धास्ती वाटते ती आमच्या तरुण मुलांची. पुणं दुचाकींचं शहर आहे. इथला मुलगा फुकेतला उतरला की पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्यानं घेणार. थायलंडमध्ये दुचाकीसाठी परमिटवर 'ए' या वर्गाची नोंद लागते. फक्त मोटारीचा 'बी' वर्ग असून भागत नाही. आपला आरटीओ मूळ लायसन्सवरची नोंद बघून ती देतो: एमसीडब्ल्यूजी असेल तर दुचाकी, एलएमव्ही असेल तर मोटार. तुम्ही काय बघता? तुम्ही पैसे आले का ते बघता आणि सगळ्या चौकोनांत खुणा करून टाकता. उद्या त्या मुलाला अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारेल की वाहन चालवण्याचा वैध परवाना होता का. प्रवास विम्याच्या अटींत हे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. उत्तर 'नाही' आलं की हॉस्पिटलचं बिल आईवडिलांच्या गळ्यात. इथे कुणी पीएफ मोडेल, कुणी दागिने गहाण ठेवेल. तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं हे होऊ शकतं, आणि हे तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही ते विकता. यासाठी मी तुम्हाला गुन्हेगार म्हणते.

दीडशे देशांचंही बघू. चीन कोणाचंच आंतरराष्ट्रीय परमिट मानत नाही. हल्ली आपली मुलं मोठ्या संख्येनं व्हिएतनामला जातात, उत्तरेकडच्या हा जियांगच्या घाटांत मोटारसायकल चालवतात. व्हिएतनाम 1968 च्या करारातलं परमिट मानतो आणि भारत त्यात नाही. म्हणजे आपल्या आरटीओनं दिलेलं अस्सल परमिटसुद्धा तिथे मोटारसायकलसाठी वैध धरलं जात नाही. प्रामाणिक माणूस गिऱ्हाइकाला सांगेल की बाबा, तिथे स्थानिक चालक घे, मागे बसून घाट बघ. तुम्ही त्याला कार्ड विकता.

उलट, जिथे परमिटची गरजच नाही, तिथल्यासाठीही तुम्ही ते गळ्यात मारता. ब्रिटनला भेटीला गेलेला माणूस भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवू शकतो. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरच्या पाहुण्याला मायदेशाचं वैध लायसन्स पुरतं. न्यूझीलंडमध्ये इंग्रजीत छापलेलं लायसन्स चालतं, आणि आपल्या स्मार्टकार्डावर इंग्रजी असतंच. मुलीच्या बाळंतपणाला सॅन होजेला निघालेल्या आजी-आजोबांना घाबरवून तुम्ही पैसे काढता. इटलीला किंवा जपानला जाणाऱ्यानं परमिट काढलंच पाहिजे. कुठे ते लागतं आणि कुठे नाही, हे त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचता येतं. लोकांना ते वाचायला वेळ नसतो, आणि तुमचा संसार त्या आळसावर चालतो.

खरा रस्ता किती अवघड आहे? सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना 4-ए भरायचा, लायसन्स आणि पासपोर्टच्या प्रती जोडायच्या, हजार रुपये सरकारी फी भरायची. अर्ज आपल्या आरटीओकडे जातो. पुणे शहरासाठी ते कार्यालय संगम पुलाजवळ आहे, साऱ्या पुण्याला माहीत असलेलं. जानेवारी 2021 च्या अधिसूचनेनं वैद्यकीय दाखल्याची आणि अर्जाच्या वेळीच व्हिसा दाखवण्याची अट काढून टाकली. परदेशात असताना परमिटची मुदत संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नव्यासाठी अर्ज करता येतो. ऑगस्ट 2022 मध्ये देशभर एकच नमुना ठरला आणि परमिट मूळ लायसन्सशी क्यूआर कोडनं जोडलं गेलं. सरकारनं वाट इतकी सोपी केली आणि तरी तुमची गर्दी हटत नाही.

तुमची जात जुनी आहे, हे मला माहीत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2003 मध्येच बनावट आंतरराष्ट्रीय लायसन्स विकणाऱ्यांवर कारवाई केली होती. आपल्याकडे जानेवारी 2015 मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी राज्यातल्या आरटीओंच्या आवारातून दलालांना बाहेर काढण्याचा आदेश दिला. पुणेकर त्यांना महापालिका आयुक्त म्हणूनही ओळखतात. त्या आदेशावर केवढा गदारोळ झाला होता! आता तुम्हाला आवारात उभं राहायचीही गरज उरलेली नाही. तुम्ही थेट आमच्या फोनमध्ये येऊन बसला आहात.

आरटीओलाही माझं सांगणं आहे. संगम पुलाच्या कार्यालयात दर्शनी भागात मराठीत मोठा फलक लावा: परमिट एका वर्षाचं, फी हजार रुपये, अर्ज सारथीवर, मूळ लायसन्स सोबत बाळगा, घरपोच दहा वर्षांचं कार्ड म्हणजे फसवणूक. हाच मजकूर आरटीओच्या नावानं सोसायट्यांच्या ग्रुपांवर गेला, तर या महाशयांचा निम्मा धंदा तिथेच बसेल.

आणि महाशय, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 एकदा वाचून ठेवा. फसवून पैसे उकळणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही मुदत मात्र कायद्यानं खरोखर मान्य केलेली आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी असे पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका. पैसे जाताच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, पावती आणि चॅट जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्या. जे परदेशी निघाले आहेत, त्यांनी तिकीट काढल्यावर लगेच त्या देशाचा नियम बघावा आणि परमिट लागत असेल तर प्रवासाच्या काही आठवडे आधी सारथीवर अर्ज करावा. हजार रुपयांत मिळणारी ती राखाडी पुस्तिका आणि तुमचं मूळ लायसन्स, एवढी दोनच कागदपत्रं खरी. बाकी जे कुणी घरपोच आणून देईल, ते घेऊ नका.

आपली,
एक पुणेकर