मंगळवार पेठेत विकास करावयाचा असल्यास

कोल्हापूर महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या, किंवा पुढच्या वेळी नक्की येणार असलेल्या मंगळवार पेठेतील होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. बी वॉर्डाबाहेरच्यांनीही वापरायला हरकत नाही.

आधी काम निवडा. ज्याला नारळ फुटतो ते काम, बाकी सगळी कटकट. कमान, चौकाचं सुशोभीकरण, खुली व्यायामशाळा ही कामं. ड्रेनेजची जुनी लाईन बदलणं, वायरिंग तपासणं, गळती काढणं ही कटकट. खासबाग मैदानाशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह बघा. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं. पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी लगोलग जाहीर झाला. धडधाकट उभ्या इमारतीच्या देखभालीसाठी अशी घाई कुठल्याच गावात कुणी पाहिलेली नाही. तेव्हा देखभालीची तरतूद मागून हसं करून घेऊ नका.

आता पैसा. अंदाजपत्रकाला महसुली आणि भांडवली असे दोन कप्पे असतात. घरफाळा, पाणीपट्टी, जीएसटीपोटीचं अनुदान महसुलीत येतं आणि पगार, पेन्शन, पंपाचं वीजबिल यांत निघून जातं. उरलं तर भांडवली कामाला. उरत नाही, हे पहिल्याच बजेट सभेत कळेल. चेहऱ्यावर दाखवू नका. जमेची बाजू फुगवायची. थकीत घरफाळा यंदा पुरता वसूल होणार, नगररचनेचं उत्पन्न वाढणार, असं कागदावर मांडलं की तुमचा रस्ता आपोआप बजेटात बसतो. सुधारित अंदाजपत्रकात तो खाली उतरतो, पण तोवर फलक लावून झालेला असतो.

राज्याची योजना मिळाली तर 'निधी आणला' असं म्हणा आणि 'मनपाचा हिस्सा' हे दोन शब्द गिळा. हिस्सा भरायला कर्ज काढावं लागतं, हप्ता त्याच घरफाळ्यातून जातो आणि तो तुमच्या पाच वर्षांपेक्षा जास्त जगतो.

हिस्साही नको आणि कर्जही नको, तर बीओटी, म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा. यातला सगळ्यात मोठा धडा आपल्याच गावात झालाय, म्हणून जरा सविस्तर. शहरातले रस्ते, खर्च 220 कोटी, काम खासगी कंपनीचं, आणि वसुलीला नऊ टोलनाके, तीस वर्षांसाठी. शिवाय कंपनीला टेंबलाईवाडीचा भूखंड. युक्ती देखणी होती: महापालिकेच्या तिजोरीला हात न लावता रस्ते, आणि बिल गाडीवाल्याच्या नातवापर्यंत. फक्त गावाला विचारायचं राहिलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ डावी माणसं टोलविरोधात रस्त्यावर उतरली. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले, डिसेंबर 2015 मध्ये सरकारने टोल रद्द केला. आंदोलन बरोबरच होतं. पण कंपनीला भरपाई म्हणून चारशे कोटींहून जास्त रक्कम राज्याच्या तिजोरीतून ठरली, म्हणजे ज्यानं मिरजकर तिकटी कधी बघितली नाही त्या गडचिरोलीच्या माणसानंही आपल्या रस्त्याला हातभार लावला. हा हिशेब कट्ट्यावर काढू नका, चहा थंड होतो.

मुदतीबद्दल. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन डोळ्यांसमोर ठेवा. सुमारे 488 कोटी, पन्नासहून जास्त किलोमीटर, काम सुरू 2014 मध्ये, पाणी 2023 च्या दिवाळीत. मध्ये वनखात्याची परवानगी, सोळांकूरच्या गावकऱ्यांचा विरोध, पावसाळे. यातून नवख्यानं शिकायचं ते असं, की भूमिपूजनाला वर्ष छापावं, मुदतीला महिना सांगावा आणि वर्ष विसरावं. पाणी आल्यावर पंप चालवायला आणि दुरुस्त ठेवायला रोज पैसे लागतात, हे मात्र उद्घाटनाच्या पत्रिकेत घालू नये. जागा पुरत नाही.

टेंडर उघडलं आणि कुणी एस्टिमेटपेक्षा वीस टक्के बिलो भरलं तर आनंद माना. ते वीस टक्के खडीतून जातात की डांबरातून, हे एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात कळतं. ते पुस्तक मागणारा नगरसेवक अधिकाऱ्यांना आवडत नाही आणि ठेकेदाराला त्याहून नाही. दोषदायित्वाचा कालावधीही विचारू नका. त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदारानं फुकट बुजवायचा असतो; तो आपल्या फंडातून बुजवला की पुन्हा नारळ.

नोव्हेंबर 2020 नंतर कितीतरी काळ सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. खड्डे तेव्हाही होते, त्यामुळे सगळं नगरसेवकांवर ढकलणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली.

शेवटी, पेठेत पाळली जाणारी एकमेव मुदत लक्षात ठेवा: अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणूक खासबागेतून निघते, पुढे तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती असतो, आणि त्याच्या ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं तर पुढच्या निवडणुकीचा निकाल तिथंच लागतो. म्हणून पॅचवर्क आदल्या आठवड्यात उरका. ड्रेनेजच्या खोदाईला परवानगी द्यायची ती मिरवणूक संपल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता.