सोमवारची राख

बल्लारपुरात राखेचं कुणालाच अप्रूप नव्हतं. खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, अगदी माणसांच्या स्वभावावरसुद्धा काळसर धुळीचा एक पातळ थर कायम असायचा. तरीही थंडी सरता सरता एखाद्या सोमवारी शेजारची अम्माची कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परतली, की आमच्या कॉलनीत थोडी कुजबुज व्हायचीच. आईनं मात्र पहिल्याच वर्षी आपल्यापुरता उलगडा करून टाकला होता. सोमवार आहे, कपाळाला राख आहे, पुढं उपासही आहेत, म्हणजे हे शंकराचंच काहीतरी असणार. जगभरचे बहुतेक कॅथलिक ही राख बुधवारी लावतात. केरळच्या सिरो-मलबार पंथात मात्र पूर्वेकडच्या जुन्या शिरस्त्यानं उपासकाळ सोमवारी सुरू होतो. अम्माचीनं यातलं काही समजावण्याची तसदी घेतली नाही. आईचा तर्क तिनं शांतपणे ऐकला आणि साबुदाणा किती वेळ भिजवायचा, एवढंच विचारलं. ज्या प्रश्नावर परिषदा भरतात, तो या दोघींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर असा निकालात काढला.

अम्माची केरळातल्या पालाकडची. नवरा मिलमध्ये लागला म्हणून ती इकडं आली. त्याआधी, १९६२ साली, पोप तेविसावे जॉन यांनी चांद्याचा मुलूख केरळच्या चर्चकडं सोपवला होता आणि रबराच्या बागांमधले कार्मेलाइट धर्मगुरू या सागाच्या, मोहाच्या जंगलात येऊन दाखल झाले होते. पुढं जिल्ह्याचं नाव चंद्रपूर पडलं, १९८२ साली गडचिरोली वेगळा निघाला, पण धर्मप्रांत अजून चांद्याचाच आहे आणि बिशपांचं आसन बल्लारपुरात. अम्माचीला या सगळ्या फेरबदलांचं विशेष काही नव्हतं. तिच्या लेखी केरळ एक्सप्रेस आमच्या बल्लारशा स्टेशनला थांबते, ही एकच राजकीय घटना महत्त्वाची. त्या गाडीनं नारळ यायचे, खोबरेल यायचं, क्वचित एखादी नणंदही यायची. नारळांचं स्वागत जरा जास्त मनापासून व्हायचं.

आमच्या भागाशी तिचं जमलं ते भांडत भांडत. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या शेतात एकेक लोंबी निवडून जे धान तयार केलं, घड्याळाच्या नावानं एचएमटी म्हणून जे गाजलं, त्या तांदळाचं आम्हाला कोण कौतुक! अम्माची जाड्याभरड्या उकड्या भातावर वाढलेली. तिच्या मते हा भात इतका नाजूक की तो जेवलो हे पोटाला कळायच्या आतच संपतो. पण पवित्र गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री घरोघर होणारा बिनखमिराचा पेसहा अप्पम करायची वेळ आली, की हाच तांदूळ ती मुकाट्यानं भिजत घालायची. त्यावर ठेवायचा क्रूस केरळात नारळाच्या कोवळ्या पात्यांचा करतात, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या. इथं नारळीचं झाड नाही. मग शिंदीचं पातं घेऊन तिनं तो केला. देवाला पातं कुठलं ते कळतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कळतं. पण तो बोलून दाखवत नाही."

क्रुसाचा तो अप्पम फक्त घरच्यांनी खायचा, बाप्तिस्मा झालेल्यांनी. या नियमात तिनं कधी तसूभरही ढिलाई केली नाही. आम्ही दारात रेंगाळायचो आणि ती आमच्यासमोर दार लावून घ्यायची. नंतर तेच दार उघडायचं आणि आमच्यासाठी वेगळा केलेला, बिनक्रुसाचा अप्पम बाहेर यायचा. तो त्यांच्या अप्पमपेक्षा मोठा असायचा आणि वर गुळाचं, नारळाचं दूध इतकं ओतलेलं, की ताटलीतून कोपरापर्यंत ओघळ यायचा. आतली तिची मुलं आमच्याकडं ज्या नजरेनं बघायची, त्यावरून बाप्तिस्म्याचे काही तोटेही असावेत असं मला तेव्हा वाटायचं.

संध्याकाळी तिची जपमाळ. कुकर, मिलचा भोंगा आणि मरियेची प्रार्थना यांचा काहीतरी आपसात करार झालेला होता. देवाशी ती मल्याळममध्ये बोलायची आणि मधेच, मणी बोटात तसाच धरून, खिडकीतून भाजीवालीला झाडीपट्टीच्या बोलीत हाक मारायची, "काहून वं, काल आली नाहीस?" भाव ठरला की प्रार्थना सोडली होती तिथूनच पुढं सुरू. संतांनाही तिनं कामं वाटून दिली होती. हरवलेल्या वस्तू संत अंतोनीकडं. त्याला मेणबत्ती कबूल व्हायची, पण वस्तू हाती आल्यावर. आगाऊ काही नाही. आईच्या कानातलं हरवलं तेव्हा तिनंही संकोचत, "तुमच्या त्या अंतोनीला सांगून बघा," म्हटलं. तांदळाच्या डब्यात ते सापडलं आणि मेणबत्तीचे पैसे कुणी द्यायचे यावर दोघींचा बराच काळ अबोला होता, प्रत्येकीला आपणच द्यायचे होते म्हणून.

मुलांचे ताप, परीक्षा आणि नवऱ्याची ब्लडप्रेशरची गोळी हे खातं मात्र अल्फोन्साकडं. भरणंगानमच्या मठातली ही सिस्टर १९४६ साली वारली. अम्माचीच्या माहेरापासून मठ जवळ, त्यामुळं नातं साधारण मावसबहिणीचं. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल कोट्टयमला आले आणि त्यांनी तिला धन्य घोषित केलं, तेव्हा अम्माचीनं चणाडाळीचं पायसम वाटलं होतं. संतपद त्याच्या पुढची पायरी, त्याला आणखी बावीस वर्षं लागली.

अम्माची आता नाही. ती गेल्यावर तिची मुलं क्वार्टर रिकामं करून गेली आणि परसातला गोडलिंब नव्या माणसांनी ठेवला, हे बरं झालं. पण मला ती आठवते ती १२ ऑक्टोबर २००८च्या दिवशीची. रोममध्ये अल्फोन्साला संत म्हणून जाहीर करत होते आणि टीव्हीसमोर गुडघ्यांना तेल चोळत बसलेली अम्माची ते पाहत होती. आम्हाला वाटलं, डोळे पुसेल. तिनं एक सुस्कारा टाकला आणि मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या बायकोला शोभेल अशा सुरात म्हणाली, "परमनंट केलं शेवटी. इतकी वर्षं बदलीवरच राबवली बिचारीला." आणि लगेच, परमनंट माणसाला काय हरकत आहे, म्हणून माझ्या रखडलेल्या लग्नाचं कामही तिनं अल्फोन्साच्याच नावावर चढवलं.