झोप लागली का?

समजा, मानोरा तालुक्यातला बावीस वर्षांचा पोरगा आहे. धुऱ्यावरून भांडण झालं, काठी डोक्यात बसली, समोरचा दवाखान्यात आणि हा कोठडीत. पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी मिळाली आणि संध्याकाळी वाशिमच्या जिल्हा कारागृहाचं दार त्याच्यामागे लागलं. आत घेताना झडती होते. उंची, वजन, अंगावरच्या खुणा लिहून घेतात. त्याच टेबलावर आणखी तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. काल रात्री झोप लागली का? घरचं कुणी भेटायला येणार आहे का? जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?

हा तिसरा प्रश्न विचारायला माणसं कचरतात. विचारलं तर नसलेलं खूळ डोक्यात शिरेल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. सरळ विचारलं की माणूस मोकळा होतो, असं मानसोपचारतज्ज्ञ सांगत आले आहेत. आपल्या जिल्ह्याला तर हे सांगावंही लागू नये. सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत आणला, त्यात वाशिम आहे. आशाताईंनी दारोदार जाऊन विचारायचं, खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला उपचारापर्यंत न्यायचं, अशी ती रचना. शेतकऱ्याच्या ओट्यावर जे विचारता येतं, ते तुरुंगाच्या दारावर का विचारता येऊ नये? आत जाणारा पोरगा बहुतेकदा त्याच ओट्यावरून उठून गेलेला असतो.

आकडे बघा. न्या. अमिताव रॉय यांच्या समितीने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत देशातल्या तुरुंगांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यातल्या ६६० आत्महत्या होत्या. २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने १५९ अनैसर्गिक मृत्यू मोजले, त्यात ११९ आत्महत्या. आपल्याला तुरुंगातली मारामारी, टोळीयुद्ध दिसतं. मरतात ते मात्र बहुतेक स्वतःच्याच हाताने. आणि त्या वर्षी देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा आहे असे.

‘मेला तर मेला, बरं झालं,’ हे वाक्य मी पानटपरीवर ऐकलं आहे आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीतही. एप्रिल २०२५ मध्ये कल्याणच्या बालिकेच्या हत्येतल्या आरोपीने तळोजा तुरुंगात जीव दिला, तेव्हाही तेच. मला त्या मुलीचे आईबाप आठवतात. खटला चालायचा होता, पुरावा मांडला जायचा होता, न्यायाधीशाने भर कोर्टात ‘दोषी’ म्हणायचं होतं. तो दिवस त्यांच्या वाट्याला आता कधीच येणार नाही. कैद्याचा जीव राखणं हे फिर्यादीचंही देणं आहे.

कायद्यातही एक खोट आहे, ती सांगतोच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०३. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा, तो काय? तर आमच्या तुरुंगात मानसिक आजाराचा एकही कैदी नाही, असा दाखला! आजारी माणूस तुरुंगात न ठेवता रुग्णालयात हलवावा, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण ‘नाही’ असं लिहून द्यायला सांगितलं की शोधणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. मला उलटा अहवाल हवा. किती जणांना विचारलं, किती जण खचलेले आढळले, त्यांच्यासाठी काय केलं आणि पुन्हा कधी विचारलं?

खरी गोम या ‘पुन्हा’मध्ये आहे. पहिल्या रात्री शांत असलेला माणूस जामीन फेटाळल्याच्या रात्री तसा राहत नाही. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत कुठल्याही कर्मचाऱ्याला एखाद्या कैद्याची काळजी वाटली तर तो त्याची फाइल उघडू शकतो. मग चोवीस तासांत त्याच्याशी सविस्तर बोलणं, पाठोपाठ आढावा बैठक. त्या बैठकीला कैदी स्वतः बसतो. फाइल बंद झाल्यावरही पुन्हा विचारपूस होते. तिथेही माणसं मरतात, पण प्रत्येक मृत्यूची चौकशी तुरुंगाबाहेरचा अधिकारी करतो आणि अहवाल लोकांसमोर ठेवतो. कैद्यावर नजर ठेवायच्या फेऱ्या ठरल्या ठोक्याला मारू नका, मागेपुढे करा, ही शहाणी सूचना अशाच चौकशांतून पक्की झाली.

आपल्याकडे एवढं मनुष्यबळ कुठे, असं उत्तर येईल. मी मनुष्यबळाआधी दोन रजिस्टरं मागतो. एक पेशीचं, दुसरं मुलाखतीचं. आज कुणाला कोर्टात नेलं आणि तिथे काय झालं, हे पहिल्यात निघतं. महिनाभर कुणाला भेटायला कुणीच आलं नाही, हे दुसऱ्यात. ही दोन्ही पानं रोज संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आधी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर आज रात्री कुणाकडे लक्ष द्यायचं ते बरंचसं कळतं. अशा माणसाला एकट्याला कोंडून ठेवू नये; एकांतात धोका वाढतो. त्याच्या सोबतीला समजदार कैदी द्यावा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०२३ मध्ये कैद्यांमधूनच असे सोबती तयार करायला सांगितलं आहे. आणि २०२४ पासून वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचा आठवड्यातला एक ठरलेला दिवस कारागृहाला मिळावा, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांनी पुढे रेटावी. मानोऱ्याच्या त्या पोराची फाइल त्या डॉक्टरांच्या टेबलावर गेली पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी परत गेली पाहिजे.

मुलाखतीला जाणाऱ्या आयाबायांना, भावांना एवढंच सांगतो. पोरगा म्हणाला, ‘आता येऊ नका,’ किंवा जेवण सोडलं, किंवा घरच्या वस्तू वाटून टाका म्हणाला, तर ते मनात ठेवून एसटीत बसू नका. तिथल्या तिथे तुरुंगाधिकाऱ्यांना सांगा. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका, एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या, दोन्हीकडून पोच घ्या. तुमचाच जीव घाबरा झाला असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.