कागद घातलेली गोधडी

कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही. हा नियम मराठी घरात कुठं लिहून ठेवलेला नसतो, पण एकदा मोडून बघा. शिंप्याच्या दुकानात तर तो आणखी कडक. पतंगासाठी कुणा पोरानं त्या जड काळ्या कात्रीला हात लावला, की मास्तर हातातलं गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून उठतात. आणि मास्तरांचं खरं असतं. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून लगद्यात चिनी माती किंवा खडूची पूड मिसळतात, आणि ती पूड धार खाते. त्यानंतर कात्री कापड कापत नाही, चावते.

अशा घरात वाढलेल्या माणसानं कापडात मुद्दाम कागद घालून शिवायचं मनावर घेतलं, तर त्याला सहजासहजी आशीर्वाद मिळत नाहीत.

प्रकार असा आहे. जाडसर कागदाचे षटकोन कापायचे, सगळे अगदी एका मापाचे. प्रत्येकावर चारी अंगांनी पाव इंच जास्त असलेला कापडाचा तुकडा ठेवायचा, कडा मागं दुमडायच्या आणि कच्चा टाका घालून त्या कागदावर बसवायच्या. असे षटकोन एकमेकांना जोडत जायचं. एखाद्याला सहाही बाजूंनी शेजार मिळाला, की त्याच्या पोटातला कागद काढून घ्यायचा आणि तोच पुढच्या तुकड्याला वापरायचा. इंग्लंडात हे काम निदान तीनशे वर्षं चाललंय. तिथं रेशमी तुकड्यांची एक पलंगपोस जपून ठेवली आहे. तिच्यावर १७१८ हे सालच शिवलेलं आहे, आणि आतले कागद अजून आतच आहेत. अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकात १८३५ साली षटकोनांचा नमुना छापून आला आणि तिकडेही हे वेड पसरलं. कागद तेव्हा महाग, त्यामुळे हाताला लागेल तो वापरायचा. जुनी पत्रं, दुकानाची बिलं, मुलांच्या कित्त्याच्या वह्या. जिनं ते काढायचा कंटाळा केला तिची गोधडी आज अभ्यासक आतून वाचतात. जिनं शिस्तीत सगळे काढले तिची नुसतीच सुंदर दिसते. आळसाची इतकी कदर इतिहासात दुसरीकडं झालेली मला तरी माहीत नाही.

आपल्या गोधडीला कागद लागत नाही. लागतं ते नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं, एखादं धोतर, आणि घरातल्या सगळ्यांना आखूड झालेले कपडे. जमिनीवर लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळेचा डबा जे मिळेल ते ठेवायचं, वर तुकडे मांडायचे. माप वितीचं आणि अंदाजाचं. तुकडा कमी पडला तर शेजारी दुसरा, जास्त झाला तर दुमडला. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि गोल गोल आत यायचं. षटकोन, पंचकोन हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. आमची आत्या नाणे मावळातली. तिला मी एक इंची षटकोन दाखवला, तेव्हा तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "एवढ्याशा तुकड्यानं काय झाकायचं गं?"

मी म्हटलं, "आत्या, असे पुष्कळ जोडायचे."

"मग आधी फाडलं कशाला?"

या प्रश्नाला इंग्लंडातही उत्तर नसावं.

आत्याचा दुसरा आक्षेप मशीनवर होता, आणि तो जास्त वजनदार होता. गोधडी कायमची शिवायची वस्तू नाही. पाच-सहा वर्षांनी ती विरते, मग तिला उसवून मधला थर बदलतात, किंवा वरून आणखी एक लुगडं चढवतात. धावदोरा एकदोरी असतो. एक टोक सापडलं की ओढत जायचं, सगळं सुटं होतं. मशीनची टीप दोन दोऱ्यांची. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून, आणि कापडाच्या मधोमध दोघं एकमेकांत अडकतात. १८४६ साली एलियास हाउनं पेटंट घेतलं ते याच अडकण्याचं, आणि सुईचं नेढं टोकाशी आणण्याचं. अशी टीप उसवायची म्हणजे टाकान् टाका ब्लेडनं तोडायचा. "मशीनची गोधडी म्हंजी मेल्यावरच सुटायची," असं आत्याचं मत. मी गांधीजींना मध्ये आणलं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या माणसानं १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद केलं होतं, हे तिला सांगितलं. सिंगरनं ते यंत्र बायकोचे कष्ट पाहून केलं, अशी त्यांची समजूत होती. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बायकोसाठी केलं ना, मग गोधडीसाठी नाही केलं."

माझं मशीन पायाचं आहे, काळं, जुनं. लोणावळ्यात पायाचं मशीन असण्याला अर्थ आहे. इथं ढग दाटले की लाइट जाते, आणि जून ते सप्टेंबर ढग दाटलेलेच असतात. पायाच्या मशीनला लाइटचं सुखदुःख नाही. मात्र आषाढात त्याचा चामडी पट्टा ओल खाऊन ढिला पडतो, मग आपण पाय मारत राहतो आणि चाक मनाला येईल तेव्हा फिरतं.

पण पट्ट्यापेक्षा कागदाचं दुखणं मोठं. कागदावर कापड चढवायचं ते दुमड ताठ बसावी आणि कोपरा टोकदार निघावा म्हणून. कागद ताठ असेल तरच त्याचा उपयोग. आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात काही म्हणजे काही ताठ राहत नाही. चिक्की घट्ट झाकणाच्या डब्यातून बाहेर काढली की सादळते, पापड तव्यावरून ताटात येईपर्यंत सादळतो, लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटतात. कागदाचे षटकोन रात्री टेबलावर ठेवले तर सकाळी ते वाकलेले असतात, आणि त्यांच्यावर बसवलेलं कापड सैल पडलेलं असतं. इस्त्री फिरवली की तासभर शहाण्यासारखे वागतात. हे काम इंग्लंडात निघालं आणि तिकडंही पाऊस पडतो म्हणतात. पण तो पाऊस आणि हा पाऊस यांची ओळख असेल असं वाटत नाही.

म्हणजे कागद जाड हवा आणि ओल धरणारा नको. इथून कागदाचा शोध सुरू झाला.

लग्नपत्रिका जाडीला उत्तम. पण वर गणपती, खाली कुलदैवत, आणि मधे दोन्ही घरांतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं. कॅलेंडरच्या पानांचंही तेच, प्रत्येक पानावर एकादशी, चतुर्थी, कुणा ना कुणा संताची पुण्यतिथी. आपल्याकडं कागदाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायची रीत. गोधडी तर अंथरायची वस्तू, तिच्यावर माणूस टाचेपासून झोपणार. कागद मागून काढून घेणार आहोत हे खरं, पण एखादा राहिला तर? वहीचे पुठ्ठे बरे वाटले, पण ते सुईला फार जड. वर्तमानपत्राचा कागद लोणावळ्यात कागद राहतच नाही.

अखेर वर्तमानपत्रातून पडणारी प्लॉटची पत्रकं कामी आली. मावळात राहणाऱ्याला या कागदाची कधी टंचाई होत नाही. रविवारी सकाळी पेपर झटकला की दोन-चार खाली पडतात. कागद चकचकीत, दमदार आणि ओलीला दाद न देणारा. कुठल्याही देवाचं नाव नाही, पाय लागला तरी कुणाला वाईट वाटणार नाही. चार डोंगर, एक तलाव, पांढऱ्या कपड्यातलं एक हसरं कुटुंब आणि गुंठ्याचा भाव.

मावळात तुकडे पाडायचं काम गोधडीपेक्षा जमिनीत जास्त चालतं. आपल्याकडं १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. जमिनीचे कसता येणार नाहीत इतके बारके तुकडे पडू नयेत म्हणून तो केला. तरी एकराचे चाळीस गुंठे आणि गुंठ्याचे १०८९ चौरस फूट हे गणित इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. कागद कापता कापता मीही हिशेब केला. एक इंच बाजूचे माझे षटकोन एका गुंठ्यात साठ हजारांहून जास्त बसतात. म्हणजे आत्या म्हणते तितकं माझं काम वाया जाणारं नाही, फक्त ते विकता येत नाही. पत्रक षटकोनात कापलं की त्याची भाषा सुधारते. एका तुकड्यावर पोहण्याचा अर्धा तलाव आला, एकावर नुसतं "पासून दहा मिनिटं", आणि एकावर तिकोन्याचा माथा. त्या किल्ल्याचं दर्शन खिडकीतून फुकट मिळणार असं मूळ पत्रकात म्हटलं होतं. त्या पायथ्याला जन्म काढलेल्या माणसांनी आजवर त्याचे पैसे दिले नव्हते हे त्यात नव्हतं.

आता जोडणी. साध्या मशीनला सरळ रेषा आवडते. चौकोनी तुकडे त्याला पट्ट्या करून द्या, पट्टीला पट्टी जोडा, ते आनंदानं धावतं. षटकोनात इंचाइंचाला वळण. तिथं दाब उचला, कापड फिरवा, दाब टाका, आणि तेवढ्यात आतला कागद ताठपणा दाखवून भलतीकडं वळतो. हातशिलाईत दोन षटकोन तोंडाला तोंड लावून कडेला बारीक टाके घालतात, म्हणून ते जमतं. मशीनवर करायचं तर दोघांना सपाट, शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढता ठेवायचं आणि सुई एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर अशी नागमोडी चालवायची. माझ्या मशीनला नागमोडी येत नाही.

पण नागमोडी टीप मावळात गल्लोगल्ली मिळते. साडीला पिको करतात तो हाच टाका. कामशेतच्या बाजारपेठेत पिको-फॉलचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, भिंतभर रंगीत रिळं, दोरीला अडकवलेल्या फॉलच्या पुड्या, आणि मोटर लावलेलं एक मशीन. ते चालवणाऱ्या ताईंनी माझी पिशवी उघडली, एक षटकोन बोटानं दाबला आणि हात मागं घेतला.

"ताई, आत कागद आहे."

"हो, तो नंतर काढायचाय."

"कागदानं सुई बोथट होते."

"सुईचे पैसे मी देते ना."

"सुईचं नाही हो, सवयीचं आहे." आईनं लहानपणी हातावर मारलेलं त्यांना अजून आठवत होतं.

तरी त्यांनी एक चिंधी घेतली. बटण फिरवून टाक्याची रुंदी कमी केली, लांबी वाढवली, कारण पिकोचा टाका दाट असतो आणि तसाच ठेवला तर कागदाची चाळण होऊन तो कडेनं सुटला असता. दोन षटकोन एकमेकांना चिकटवून दाबाखाली सरकवले. कापडावर सुई चालते तेव्हा आवाज अंगातल्या अंगात राहतो. कागदावर ती टकटक करते, दर टाक्याला दारावर थाप मारल्यासारखी. एक बाजू झाली. ताईंनी जोड उजेडाकडं धरला. कडा कडेला भिडली होती, खाली कागद असल्यामुळे कापड ताणलं गेलं नव्हतं, उरेब कापलेला तुकडासुद्धा जागच्या जागी होता. साडीचा काठ असा ताठ कधी मिळत नाही, म्हणाल्या. पुढचा तुकडा त्यांनी स्वतःच उचलला.

दोऱ्यावरून आमचा वाद झाला. टाका दिसू नये म्हणून पारदर्शक दोरा वापरतात असं मी वाचलं होतं. त्यांनी खणातून तसं एक रीळ काढलंही, आणि माझ्या मनगटावर घासून परत ठेवलं. "हा तंगूस आहे. मासे धरायला ठीक. अंगावर घ्यायच्या गोधडीला नको. आणि इस्त्री लागली की वितळेल." मग त्यांनी राखाडी सुती दोरा घेतला. राखाडी कुठल्याही रंगात मिसळतो हे मला तिथं कळलं. मोतिया आणि जांभळ्याच्या जोडात तो खरंच दिसत नाही.

मधे आलेल्या गिऱ्हाइकांच्या साड्या बाजूला पडल्या. त्यातल्या एक बाई फॉल न्यायला आल्या होत्या. त्यांनी उलटी बाजू पाहिली आणि तिथंच उभं राहून वाचायला लागल्या. "हा आमच्याकडचाच प्लॉट दिसतोय," त्या म्हणाल्या. जागेवर अजून तारेचं कुंपणच आहे, हसरं कुटुंब काही आलेलं नाही, अशी बातमीही त्यांनी दिली.

कागद काढायचं काम आत्यानं केलं. नागमोडी टीप कागदाची कड जराशी पकडते, त्यामुळे तो पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांवरून फाटत येतो. आत्याला हे काम बेहद्द आवडलं. सगळ्या गोधडीप्रकरणात फाडायचं काम तिला पहिल्यांदाच कुणीतरी दिलं होतं. चष्मा लावून ती एकेक कागद ओढायची, अक्षरं लावून वाचायची आणि ढिगात टाकायची. एक मात्र तिनं काढला नाही. मी हात घातला तर माझा हात बाजूला केला.

तिच्या माहेरी गोधडी बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवत, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. हिच्या पोटात काहीतरी राहू दे, असं तिचं म्हणणं. आणि राहायचा तर भाव छापलेला तुकडाच राहू दे. पुढं पोरांना सांगितलं, की गुंठ्याला एवढा भाव होता, तर ती म्हणायची म्हातारी थापा मारते.

पिकोवाल्या ताई अस्तर जोडून द्यायला आल्या होत्या. त्यांनी व्यवहाराचा प्रश्न काढला. घट बसायच्या आधी गोधड्या इंद्रायणीवर धुवायला निघतात. दोघी दोन टोकांना धरून पिळतात, दगडावर आपटतात. त्यात या कागदाचं काय होणार?

"आत्या, लगदा होईल हो त्याचा."

"होऊ दे की," आत्या म्हणाली. "त्या प्लॉटमध्ये तरी आखाडात काय असतंय? गुडघाभर पाणीच की."