शास्त्र माझं, काडेपेटी त्यांची

वालाच्या शेंगा भरल्या की अलिबागकडच्या शेतांत पोपट्या लागतात, म्हणजे मडक्यात शेंगा भाजल्या जातात, आणि माझ्यातला रसायनशास्त्राचा पदवीधर जागा होतो. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावून होतो न होतो तोच मी सुरू करतो: इंधन, प्राणवायू, उष्णता. पोरं ‘हो सर’ म्हणतात. मी कुणाचाही सर नाही, पण तशी दुरुस्ती मी कधी केलेली नाही. काडेपेटी मात्र ती माझ्यापासून लांब ठेवतात.

वास्तविक ज्वलनात माझा हात कोण धरेल? ताटलीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला. सुबक आकृती, खाली निष्कर्ष: पाणी एक-पंचमांश चढले, कारण पेल्यातला प्राणवायू जळाला. दहापैकी दहा! आता हा प्रयोग कुणी डोळे उघडे ठेवून पाहिला, तर पेला ठेवताना कडेनं बुडबुडे सुटताना दिसतात. पाणी सरसर चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर, कारण तापून फुगलेली हवा निवून आकसते. सगळा प्राणवायू संपायच्या आतच ज्योत मान टाकते. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी चढतं. मग काय, हवेत प्राणवायू वाढला? मायकेल फॅरडेनं १८६०च्या नाताळात लंडनमध्ये मुलांपुढे मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली. आमचा अख्खा वर्ग एका तासात उरकला, आणि मेणबत्तीही सरांनीच पेटवली. आम्हाला भाजलं असतं ना!

असो. इकडे मडक्यातल्या शेंगा-अंड्यांवर ओवा आणि जाडं मीठ पडलं होतं. पाण्याचा थेंब नाही. तोंडात पाला कोंबून मडकं उपडं झालं. भोवती पेंढा, काटक्या आणि शेणी रचत होती आठवीतली एक पोर. दर दोन शेणींमध्ये बोटभर फट.

“फटी कशाला गं?” मी परीक्षकाच्या सुरात.

“नाहीतर धुमसत बसंल ना, सर!”

शेंगांच्याच पाण्याची वाफ होते, ते पाणी आहे तोवर आतला पारा शंभराच्या आसपास राहतो, म्हणून एवढ्या जाळातही शेंगा करपत नाहीत. हे मी सांगितलं. पण जाळ कधी ओढायचा, ते तिनं ठरवलं. मडक्यावर पाणी शिंपडलं, थेंब चर्रकन उडाले, झालं.

याच पोरीच्या प्रगतिपुस्तकात विज्ञानापुढे ‘सुधारणा आवश्यक’ लिहिलंय, हे कळल्यावर मात्र माझा विनोद आटला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो हातानं करत शिकण्यासाठी. एवढ्या वर्षांनीही आपण मार्क देतो ते आकृतीलाच. माझ्या त्या दहा मार्कांतले निम्मे तरी हिचे आहेत.

तसं सांगायला मी घसा खाकरला, तर तिनं मडक्यातलं वाफाळतं अंडं माझ्या हातावर ठेवलं.

“सोलता येईल ना, सर?”

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.