अप्पांचा रानपिंगळा

लोणखेड्यात कॅमेरे बऱ्याच जणांकडे आहेत, तोफ मात्र एकट्या अप्पांकडे. शहाद्याच्या बसमध्ये आधी लेन्स चढते, मागून अप्पा. अंगात पानापानांचं जॅकेट. ते पक्ष्यांना दिसू नये म्हणून शिवलेलं असतं. अप्पा ते माणसांना दिसावं म्हणून घालतात, चहाच्या टपरीवरसुद्धा.

तिथे कुणी रानपिंगळ्याचं नाव काढलं की संपलं.

“1884 नंतर दिसलाच नव्हता! नामशेष म्हणत होते. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग, डेव्हिड अ‍ॅबट अमेरिकेहून आले आणि आपल्या शहाद्याजवळ सापडला!” यातल्या ‘आपल्या’वर असा जोर, की पाहुण्यांना वाट अप्पांनीच दाखवली असावी. तेव्हा अप्पा पपई लावत होते, हे कुणी काढत नाही. चहा त्यांचा असतो.

खरं तर घुबडांत रानपिंगळा भलता सरळ. दिवसा हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो. तरी तो अप्पांना भेटत नाही, कारण तोरणमाळच्या जंगलातही अप्पा शटर स्पीडवर बोलतच असतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी मोबाईल पुढे केला. “तोरणमाळ. पहाटे. मागे सातपुड्याची झाडी.”

एक शाळकरी पोरगा वाकून म्हणाला, “अप्पा, याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके आहेत. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं असतं. हा आपला नेहमीचा पिंगळा.”

“थंडीत उठतात ठिपके,” अप्पा म्हणाले.

खोट्या पत्त्याची रानपिंगळ्याला सवयच आहे म्हणा. डेव्हिडसन नावाच्या साहेबाने खानदेशात मिळवलेला त्याचा नमुना माइनर्ट्झहागन नावाच्या कर्नलने ब्रिटिश म्युझियममधून लांबवला आणि त्यावर गुजरातेतल्या मांडवीची, 1914 सालची चिठ्ठी डकवली. ही लबाडी उघडी पाडायला रासमुसेनबाईंना त्या पेंढा भरलेल्या पक्ष्याचे एक्स-रे काढावे लागले.

अप्पांच्या बाबतीत वहिनींचा चष्मा पुरला. “अहो, ही झाडी कसली? हा माझा हिरवा परकर! गच्चीवरच्या दोरीवरचा. चिमटासुद्धा दिसतोय.”

अप्पांनी मोबाईल पुन्हा आमच्यापुढे धरला. “परकर राहू द्या. बॅकग्राउंड कसं ब्लर झालंय, ते बघा!”