पिनपंडित

आमच्या सोसायटीत नळवाला वेळेवर मिळत नाही, पण पिन ओळखणारा माणूस कायम हजर असतो. गणपतीत माइक कुईऽऽ करून किंचाळला की सगळ्यांच्या माना ज्यांच्या खिडकीकडे वळतात, ते हे पिनपंडित. टेलिफोन खात्यातून निवृत्त. घरी पेढ्यांच्या जुन्या खोक्यात, तपकीर गल्लीत पारखून घेतलेल्या पिना : कॅनन, पी-थर्टीएट, आरसीए, ईपी. नातवंडांना हाक मारताना ते दोन नावं चुकतात. पिनेचं कधी चुकलेलं नाही.

आमच्या चिरंजीवांनी डीजे मिक्सर आणला आणि त्याला जोडायला ५ इंची स्टुडिओ मॉनिटरची जोडी. ‘मॉनिटर’ ऐकून आई म्हणाली, “अरे, टीव्ही आहे की घरात!” चिरंजीवांनी हाताला लागलेली पहिली वायर मिक्सरच्या हेडफोनच्या भोकातून त्या जोडीतल्या एका स्पीकरला जोडली आणि आजीला खूश करायला भावगीत लावलं. व्हायोलिनं वाजली, बासरी वाजली. शब्द येईनात.

“बाई कुठं गेली रे?” आईने विचारलं.

मग पिनपंडितांना बोलावणं गेलं. काखेत खोकं, तोंडात टेस्टर. मिक्सरच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट पाठीमागे गेले.

“काका, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल का?”

“ह्या स्पीकरांच्या पोटातच आहे तो. वर आणखी एक म्हणजे जेवून आलेल्याला पंगतीला बसवणं. फुटेल एखादा!” मग ती वायर उपसून त्यांनी पिन उजेडात धरली आणि एकदम हळवे झाले. “ही मूळची आमच्या खात्यातली हो. एक्स्चेंजवर ऑपरेटर मुली हिच्याच बहिणी खुपसून ट्रंककॉल लावायच्या. तुमच्या गाण्याबजावण्यात ही नंतर आली.”

बाई गेली कुठे, याचा उलगडा मात्र त्यांनी झकास केला. मॉनिटरच्या आत जाणाऱ्या तीन तारा : एकीत गाणं, दुसरीत तेच गाणं उलटं, तिसरी अर्थिंगची. वाटेत शिरलेली गुरगुर पहिल्या दोघींत सारखीच असते, म्हणून स्पीकर एकीतून दुसरी वजा करतो. गुरगुर जाते, गाणं दुप्पट होऊन उरतं. हेडफोनच्या वायरीत मात्र एका तारेत डावी बाजू, दुसरीत उजवी. व्हायोलिनं एकेका बाजूला बसलेली, म्हणून वाचली. गाणारी असते मधोमध, दोन्हीकडे सारखी. स्पीकरने तिला खरखर समजून वजा केलं.

“मग काय नवीन?” आई म्हणाली. “या घरात तेच चालत आलंय.”

पंडितांनी खोक्यातून दोन कॅनन वायरी काढल्या. मिक्सरच्या मास्टर आउटमधून डावी डाव्याला, उजवी उजव्याला. स्पीकर चालू, आणि घुंऽऽ. डोळे मिटून एखादा राग ओळखावा तसे म्हणाले, “५० हर्ट्‌झ. विजेची घुं.” मिक्सर आणि दोन्ही स्पीकर, तिघांचे प्लग एकाच बोर्डावर आणले, तरी थांबेना. शेवटी मिक्सरला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि घुं गेली.

“ऐका!” त्यांनी बोट वर केलं. आम्ही कान टवकारले. काहीच ऐकू येईना.

“हेच!” ते म्हणाले. इतका तृप्त चेहरा मी मैफलीतून उठलेल्या माणसाचाही पाहिलेला नाही.

मग टेप निघाली. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांत सारखं अंतर हवं. स्पीकरचं वरचं बारकं तोंड कानाच्या रेषेत हवं. मापाने तिसरा कोपरा नेमका आईच्या आरामखुर्चीवर आला. एरवी कुणासाठी न हलणारं आमचं टीपॉय त्यासाठी बाल्कनीत गेलं. एवढ्या खटाटोपानंतर गाणं लागलं. बाई परत आली, अगदी समोर उभी राहिल्यासारखी. आईने मान डोलवायला घेतली, तोच पंडितांनी फेडर खाली ओढला.

“वाजतंय.”

“अहो, अंतरा तरी होऊ द्या!”

“दहा वाजले, काकू. आवाजाचा नियम आहे.” सोसायटीच्या फलकावर तो नियम त्यांनीच लावलाय. मग चिरंजीवांना बजावलं, “चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी. नाहीतर धप्पकन दणका बसतो.” तसंच बंद करून, खोकं उचलून ते गेले.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात तेच. टेस्टर विसरला असेल म्हणून मी आत वळलो, तर त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले,

“घरघरतेय. उद्या खोकं घेऊन येतो.”